फकिराचं टेसन

महागूच्या गोठ्यात श्रावणातही चिखल होत नसे. ही गोष्ट खैरटोल्यात सगळ्यांना ठाऊक होती, कारण महागूनेच ती सगळ्यांना सांगितली होती. काहींना दर पावसाळ्यात नव्याने. आमच्या बाकीच्यांच्या गोठ्यांत पाऊस लागला की गुरं गुडघाभर गाऱ्यात उभी राहायची, खुरं सडायची, दूध काढायला बसलेली बाई पाटासकट घसरायची. महागूचे बैल मात्र ओसरीवर बसवलेल्या जावयासारखे कोरडे.

"पयले मुरूम टाकाचा," तो सांगायचा. "मंग शेन, मंग मोहाच्या लाकडाची राख. अन मंग ठोकाचं. पन ठोकनारा हात पाह्यजे."

आम्ही मुरूम टाकला, शेण टाकलं, राखही टाकली आणि हात दुखेपर्यंत ठोकलं. पहिल्याच झडीत सगळं वाहून गेलं. तेव्हा हात महागूचाच, असं आम्ही मुकाट्याने मान्य करून टाकलं. टोल्यात एवढा मान दुसऱ्या कशाचा नव्हता, फक्त शिट्टीचा होता, आणि शिट्टीही महागूकडेच होती.

शिट्टीचं सांगायला हवं. बालाघाटहून जाणाऱ्या छोट्या लाईनीला पूर्वी एक फाटा होता. तो आमच्या भागातून खदानीकडे जायचा. खदान बसली, रूळ उपटले, साहेबलोक गेले. मागे राहिला एकटा फकिरा, महागूचा बाप, लाईनीवरचा गँगमन. पुढे कोणी भंडाऱ्याकडून, कोणी लालबर्ऱ्याकडून अशी माणसं येत गेली आणि टोला वसला. फकिराच्या मोठ्या मुलीचं, रुख्माबाईचं लग्न हे टोल्यातलं पहिलं लग्न. सासरची बंडी निघाली तेव्हा फकिराने ती शेताकडेच्या एका उंचवट्यापाशी थांबवली. म्हणाला, इथं टेसन होतं, आमची पोरगी टेसनावरून जाईल. त्याने खिशातून लाईनीवरची शिट्टी काढली, लांब फुंकली, हिरवी झेंडी दाखवली आणि बंडी हलली.

तेव्हापासून टोल्याची प्रत्येक नवरी त्या उंचवट्यावरून गेली. जयभीम घालून झालं, रडून झालं, की महागू शिट्टी फुंकायचा. एकदा हिरवी दाखवली की मग नवरीच्या आईने बंडीला हात लावायचा नाही. रीत फार सोयीची होती. नाहीतर रडारडीत संध्याकाळ व्हायची आणि बैल कंटाळून खाली बसायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या माघात महागूच्या घरी एक आनंदाची बातमी आली आणि तिच्याच पाठोपाठ एक काळजी. सुनेला, आनंदीला, दिवस गेले होते. पोरगा खेमराज उकव्याच्या खदानीत कामाला. सुट्टीच्या दिवशी यायचा. बातमी ऐकून त्याने बालाघाटहून पेढे आणले. कमलाने, म्हणजे महागूच्या बायकोने, पेढा तोंडात घातला आणि बोटांवर महिने मोजले.

"भादव्यात येते," ती म्हणाली, आणि पेढा तिच्या तोंडातच राहिला.

भादव्यात आमच्या टोल्यातून कोणी बाहेर पडत नाही. कन्हार माती ती. पाऊस पडला की बंडीचं चाक आसापर्यंत गिळते आणि परत देत नाही. आजारी माणसाला खाटेवर घालायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, सडक गाठायची. मागल्या साली बाबूलालच्या बायकोला तशी नेली. नाल्याच्या अलीकडे एकाचा पाय घसरला, खाट कलंडली आणि पोरगा तिथेच जन्मला. माय आणि लेकरू दोन्ही वाचली हे नशीब. पोराचं नाव सडकू ठेवलं, जरी सडक तिथून लांब होती. आम्ही हसलो होतो तेव्हा. पण खाटेचा एक पाय कमलाच्या खांद्यावर होता, आणि ती हसली नव्हती.

"आनंदीले खाटेवर नाई नेऊ देत मी," ती त्या दिवशी महागूला म्हणाली. "काय कराचं ते तुमी करा."

महागू काय करणार? त्याने बैलांना पाणी पाजलं.

अशात एके सकाळी सायकलवरून एक माणूस आला. त्याच्या मागे हमालाच्या डोक्यावर लोखंडी साखळी आणि लाल-पांढरे बांबू होते. त्याने पहिल्याच घरी विचारलं, "इथे जुनी रेल्वेलाईन कुठून जायची हो?"

झालं. वाऱ्यासारखी बातमी पसरली की रेल्वेवाले आपला माल परत न्यायला आले.

आता आमच्या टोल्यात कोणाच्या घरी रेल्वे नव्हती? बाबूलालच्या दाराची वरची चौकट म्हणजे लाईनीचा सागवानी स्लीपर. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. कोणी रुळावर विळे ठोकायचा, कोणी खिळ्याला कंदील टांगायचा. दुपारपर्यंत शाळेची घंटा विहिरीत गेली. बाबूलालच्या चौकटीवर ओलं शेण लिंपलं गेलं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडत राहिलं. महागू मात्र निवांत होता. त्याच्याकडे शिट्टी आणि झेंडी तेवढी होती, आणि ती बापाच्या पगारातली, असं त्याचं म्हणणं.

"लाईन? कायची लाईन?" आम्ही त्या माणसाला सांगितलं. "आमी तं कधी ऐकली बी नाई बाप्पा."

तो बांधकाम खात्याचा ओव्हरसियर निघाला. नाव गुणाकर, बालाघाटचाच मराठी माणूस, चष्मेवाला आणि मऊ बोलणारा. आमचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मग रस्ता दुसरीकडून न्यावा लागेल."

"कायचा रस्ता?" कमलाने विचारलं. ती डोक्यावर गुंड घेऊन पाण्याला निघाली होती.

तेव्हा उलगडा झाला. रोजगाराच्या कामातून सडकेपासून खदानगावापर्यंत मुरमाचा रस्ता करायचा होता. जुन्या लाईनीची पाळ, म्हणजे रुळांखालचा मातीचा भराव, सापडला तर काम उन्हाळ्यात उरकणार होतं, कारण ती जागा सरकारची, कोणाचं काही घ्यायला नको. नाही सापडली, तर लोकांची शेतं घ्या, नोटिसा द्या, कोर्टकचेऱ्या करा. त्यापेक्षा गुणाकर नाल्यापलीकडून मोठ्या गावाच्या बाजूने नकाशा देणार होता. आणि नकाशा होळीच्या आत द्यायचा होता.

"म्हंजे पाऊस लागाच्या आंधी रस्ता?" कमलाने विचारलं.

"पाळ मिळाली तर, काकू. नक्की."

कमलाने गुंड खाली ठेवला. त्या दिवशी तिने पाणी आणलंच नाही.

दुसऱ्या सकाळी टोल्याचं सोंग पालटलं. शाळेची घंटा विहिरीतून वर आली. ज्याला त्याला आठवायला लागलं की लाईन तर आपल्याच दारावरून जायची. एकाने रात्रीतून आपल्या अंगणात स्लीपर पुरला. गुणाकरने तो पायाने हलवला तर ताजी माती निघाली. "याच्याखाली गवत अजून हिरवं आहे हो," तो म्हणाला, आणि पुरणारा म्हणाला की आमच्याकडे गवत असंच राहते.

गुणाकरने महागू आणि बाबूलालला रोजाने कामावर घेतलं. एकाने साखळी धरायची, दुसऱ्याने झेंड्याचा बांबू. काम सोपं नव्हतं. सडकेकडून नाल्यापर्यंत पाळ स्वच्छ दिसत होती. तिच्यावर पळस वाढले होते, पण ती सरळ येत होती. बोरीच्या जाळीत घुसून त्यांनी लाईनीखालून पाणी जायची विटांच्या कमानीची एक मोरी शोधली. काट्यांनी महागूचे दंड रक्ताळले, पण मोरी अशी शाबूत निघाली की बाबूलाल तिच्यात जाऊन विडी ओढून आला. खदानीकडूनही पाळ येत होती. मध्ये मात्र आमचा टोला आणि टोल्याची शेतं. तिथे पाळ नाही, मोरी नाही, काही नाही. सपाट बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि त्यांत लाखोरीचं पीक. तहसिलीतल्या जुन्या नकाशालाही नेमकी तिथेच वाळवी लागली होती.

"वाळवी बी टोल्याचीच असन," बाबूलाल म्हणाला.

गुणाकर दुपारी आंब्याखाली डबा खायचा. सायकलच्या हँडलला त्याची पाण्याची पिशवी टांगलेली असे. बालाघाटहून भरून आणलेली. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे असं त्याला दोघातिघांनी सांगितलं. तो "हो का?" म्हणायचा आणि पिशवीतलंच प्यायचा. त्या पिशवीचा अर्थ आमच्या टोल्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस वाईट नव्हता, म्हणून जास्त लागत होतं.

"साहेब, काहून चिंता करता?" तिसऱ्या की चौथ्या दिवशी महागू छाती काढून म्हणाला. "टेसन आमाले माहीत हाय न. टेसन भेटलं म्हंजे लाईन भेटली."

सगळा टोला वाजतगाजत उंचवट्यावर गेला. महागूने शिट्टीही घेतली होती. गुणाकरने उंचवट्याच्या आडवा चर खणायला लावला. महागूने स्वतः कुदळ मारली. वीतभर, हातभर, कमरेइतकं. लाल भाजकी माती निघाली, राख निघाली, आणि कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे निघाले.

गुणाकरने एक तुकडा पुसून बघितला. "काका, ही कवेलूंची भट्टी आहे. इथे रेल्वे कधीच नव्हती."

"माह्या बापानं सांगतलं," महागू म्हणाला. "माहा बाप लाईनीवर होता. तुमी नव्हते."

"नसेन. पण गिट्टी पाहिजे, जळका कोळसा पाहिजे. इंजिन काही राखेवरून चालत नाही."

महागूने पुन्हा कुदळ उचलली आणि उगाचच आणखी खणत राहिला. घाम त्याच्या नाकावरून चरात पडत होता. शेवटी त्याच्या बहिणीने, माहेरी परतलेल्या रुख्माबाईने, त्याच्या हातातून कुदळ काढून घेतली. कमला चराच्या काठावर उभी होती. "जळका कोळसा," ती स्वतःशीच म्हणाली, पदर सावरला आणि कोणाला न सांगता घराकडे निघाली.

"आणखी दोन दिवस बघतो," गुणाकर म्हणाला. "नाहीतर मला पलीकडूनच दाखवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. माघातला पाऊस, ना वेळ ना काळ. शेतात साखळी टाकून सगळे पळाले. गुणाकरच्या सायकलची चाकं चिखलाने अशी भरली की ती उचलूनच आणावी लागली. महागूच्या अंगणात येईतो त्याचा एक जोडा कन्हारीने काढून घेतला होता.

"घरात नका येऊ साहेब, घर गळते," कमला दारातून म्हणाली. "गोठ्यात बसा. गोठा कोरडा हाय."

महागूने बायकोकडे बघितलं. घर गळत नव्हतं. मागल्याच उन्हाळ्यात त्याने कवेलू फेरले होते. पण गोठ्याचं नाव निघाल्यावर त्याला दुसरं काही सुचत नसे.

"हौ, हौ, गोठ्यात चाला. पाहा तं खरं!"

गोठ्यात बैल आणि एक गाय निवांत रवंथ करत होती. बाहेर अंगणाचं तळं झालं होतं आणि आत धूळ होती. गुणाकर ओला, एका पायात जोडा, खाली बघत उभा राहिला.

"इथे पाणी कसं नाही?"

महागू याच प्रश्नाची आयुष्यभर वाट बघत होता. त्याने मुरूम सांगितला, शेण सांगितलं, मोहाची राख सांगितली. ठोकणाऱ्या हाताशी आला तेव्हा त्याने हात पुढे करून दाखवला. "चारी गावात असा गोठा दाखवा. सब्बल मारा साहेब, सब्बल! बोटभर आत गेली तं माहं नाव बदला."

कमला चहा घेऊन आली होती. तिने कप गुणाकरच्या हातात दिला. त्याने हातातल्या कपाकडे बघितलं, मग कमलाकडे, आणि प्यायला लागला. दोन घोटांनी म्हणाला, "काकू, चहा छान झाला." मग कप गव्हाणीवर ठेवून त्याने कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि मारली.

खण्ण आवाज आला.

"पाहा!" महागू म्हणाला.

गुणाकरने दोन पावलं पलीकडे मारली. खण्ण. मग भिंतीकडे सरकून मारली, तिथे सब्बल भसकन आत गेली. तो परत मधोमध येऊन गुडघ्यावर बसला, सब्बलीच्या टोकाने थोडं उकरलं आणि मूठभर काही वर काढलं. काळी धारदार गिट्टी आणि त्यात जळक्या कोळशाचे दाणे. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता. गुणाकरने दाराशी येऊन नाल्यापलीकडच्या पाळीकडे बघितलं, मागे वळून खदानीकडे बघितलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "ही लाईन आहे."

"हा गोठा हाय," महागू म्हणाला.

"गोठा आहे. पण लाईनीवर आहे. पुढची तुमची बांधीही तिच्यावरच असणार. पाळ फोडून सपाट केलेली."

महागूचा हात अजून पुढेच होता. त्याने तो मागे घेतला आणि धोतराला पुसला. टोल्यातली दहा माणसं पावसात दाराशी उभी होती, सगळी ऐकत. कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसू दाबायला खोकलं. महागूला ते हसणं गोफणीच्या दगडासारखं लागलं. साऱ्या आयुष्याचा मान गेला आणि तो गेला कसा, तर त्याच्याच तोंडाने.

गुणाकर निघताना म्हणाला, "काका, तुम्ही नाही म्हटलं तर मी भांडणार नाही. भांडणात वर्षं जातील आणि रस्ता राहील. तुम्ही नको म्हणा, मी पलीकडून नकाशा देतो. उद्या सकाळी येतो."

संध्याकाळी महागू घरात गेला नाही. गव्हाणीला टेकून बसला. कमला दिवा घेऊन आली.

"तुले माहीत होतं?"

"झाडू कोन मारते गोठ्यात? रोजच्या रोज कोळसा निघते. खुंटा गाडाले गेलं तं गिट्टी लागते. मले वाटे, बुढ्यानं कोठून तरी आनून टाकली असन. काल साहेब कोळसा म्हनाला, तवा समजलं."

"अन कोरडा हाय तो माह्या हातानं नाई, हे बी समजत होतं?"

कमलाने दिव्याची वात वर केली.

"मंग एवढी वर्षं बोलली काहून नाई?"

"तुमी एवढ्या आनंदानं सांगत होते लोकाईले," ती म्हणाली. "तोंडचा घास कोन काढते?"

महागूला राग बायकोचा आला नाही, बापाचा आला. "बुढा पक्का निघाला. भट्टीवर टेसन दाखवलं, म्हंजे अथी कोनी पाह्याचं नाई. सारी सरकारची लाईन पोटाखाली घेऊन बसला, अन मले नुस्ती शिट्टी देऊन गेला."

"त्याच जागेवर आपन खाल्लं, ल्यालो. खेमराज वाढला."

"म्हून आता देऊन देऊ? बांधी जाईन. माह्यापाशी दुसरी चांगली बांधी हाय का?"

"नाई," कमला म्हणाली. ती खोटं बोलत नसे. दिवा ठेवून ती आत गेली.

पाऊस थांबला होता. थोड्या वेळाने आनंदी ताट घेऊन अंगणात उतरली. अंगणात गारा पसरला होता आणि ती एका हाताने ताट, दुसऱ्या हाताने लुगडं सावरत येत होती. मध्येच तिचा पाय सरकला. महागू कसा उठला त्याचं त्यालाच कळलं नाही. चिखलात दोन उड्या मारून त्याने तिला दंडाला धरलं. ताट गेलं, भात गेला, वरण त्याच्या धोतरावर सांडलं. ती उभी राहिली.

"काई नाई झालं मामाजी," आनंदी म्हणाली. मग तिला हसू आलं. "तुमचं जेवन गेलं."

महागू हसला नाही. आपल्या अंगणातल्या अंगणात ही गत. मग भादव्यात, भरल्या दिवसांत, नाल्याकाठच्या धुऱ्यावर काय होईल? त्याने तिला हाताला धरून ओसरीपर्यंत पोचवलं आणि दारातून ओरडला, "खेमराजची माय, सकाळी बैल बाहीर बांधजो. आंब्याखाली."

सकाळी गुणाकर आला तेव्हा गोठ्याचं अर्धं छप्पर उतरलं होतं. महागू एकटाच आत सब्बल मारत होता. टोला जमला, पण हात लावायची कोणाची हिंमत होईना. गव्हाण पडली आणि तिच्याखाली विटांची सरळ, घडीव कड निघाली. गुणाकर खाली वाकला. कडेवरून हात फिरवत तो पार बाहेरपर्यंत गेला.

"प्लॅटफॉर्म," तो म्हणाला. "हे खरं स्टेशन."

सगळे रुख्माबाईकडे बघायला लागले, कारण भट्टीवरून गेलेली पहिली नवरी ती. सासर तिला कसं मिळालं ते टोल्याला ठाऊक होतं. नवरा पत्ते खेळायचा आणि हरायचा. तो मेल्यावर ती डोक्यावर गाठोडं घेऊन पायीच माहेरी परतली होती, भर पावसात, आणि ती आली हे कोणाला संध्याकाळपर्यंत कळलंही नव्हतं. तिने विटांवर पाय ठेवून बघितला. कमरेवर हात ठेवले.

"म्हून माही गाडी चुकली!" ती म्हणाली. "बाबानं दुसऱ्याच टेसनावरून बसवली न मले!"

आधी बायका हसल्या, मग सगळाच टोला. बाबूलाल म्हणाला, "रूळ चोरनारे पाह्यले होते, स्लीपर चोरनारा तं मीच हाओ. पन बुढा टेसनच घेऊन गेला!" महागूचं तोंड लाल झालं. मग ते वाकडं झालं. मग तो विटांच्या कडेवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "असा बाप कोनाले भेटला का?" तो म्हणत राहिला. "सांगा, भेटला का?"

त्यानंतर सगळ्यांनीच सब्बली उचलल्या. गुणाकरने त्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं, आणि पुढच्या खेपेला सायकलला पिशवी नव्हती. आम्हाला बरं वाटलं.

उन्हाळाभर टोल्याने मुरूम वाहिला. बायकांच्या डोक्यावर घमेली, पुरुषांच्या हातात धुम्मस. महागूची बांधी मधोमध कापली गेली. उरलेल्या पट्ट्यात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकण्याइतकीच जागा राहिली. ते बघताना तो दोन दिवस जेवला नाही, हेही सांगायला हवं. मोरीवर माती पडली, वर मुरूम पडला आणि मृगाच्या आधी रस्ता सडकेला लागला. महागूने नवा गोठा मागे बांधला. मुरूम, शेण, राख सगळं टाकलं, ठोकलं. पहिल्या झडीत त्याचेही बैल गुडघाभर गाऱ्यात उभे राहिले, आणि बाबूलाल मुद्दाम बघायला गेला.

"ठोकनारा हात पाह्यजे गा," तो म्हणाला. महागूने त्याला शेणाचा गोळा फेकून मारला.

भादव्यात, पाऊस कोसळत असताना, आनंदीला कळा लागल्या. कमलाने बंडीत तणस पसरलं, वर ताडपत्री बांधली, आणि खेमराजने बैल जुंपले. आम्ही सगळे बाहेर येऊन बघत होतो, खरं तर चाकांकडे बघत होतो. चाकं मुरमावर करकरत गेली, कुठेही रुतली नाहीत. सडकेवर बस मिळाली आणि संध्याकाळच्या आत आनंदी बालाघाटच्या दवाखान्यात होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप, असा निरोप घेऊन कमला परत आली. तिला हसू आवरत नव्हतं.

आठवड्याने आनंदी यायची होती. रुख्माबाई सकाळपासून महागूच्या मागे लागली.

"शिट्टी काढ."

"शिट्टी जानाऱ्याले असते अक्का. येनाऱ्याले कोठी असते?"

"टेसन हाय का थट्टा हाय? येनाऱ्याले बी पाह्यजे. मी आली तवा कोनं वाजवली?"

महागूने बहिणीकडे बघितलं. मग निमूटपणे पेटी उघडली, बापाची शिट्टी आणि झेंडी काढली. जुना गोठा होता तिथे रस्त्याच्या कडेला ती विटांची कड आता उघडीच होती. टोला तिथे छत्र्या आणि बारदानांच्या खोळी घेऊन उभा राहिला. नाल्याकडून बंडी दिसली. बैलांच्या घंटा ऐकू आल्या. महागूने शिट्टी लांब फुंकली आणि उत्साहात हिरवी झेंडी फडफडवली.

"बाबा!" खेमराज बंडीवरून ओरडला. "हिरवी दाखवून राह्यले! थांबू का जाऊ?"

महागू गडबडला. झेंडीकडे बघितलं. एवढ्या वर्षांत या टेसनावर गाडी थांबवायची वेळच आली नव्हती. बापाने लाल झेंडी ठेवलीच नव्हती. "थांब! थांब रे!" तो हिरवीच झेंडी हलवत ओरडायला लागला, आणि बैलांनी ती बघून पाय उचलले.

"सरका," कमला म्हणाली. तिने कमरेची गाठ सोडली. नातीसाठी शिवलेली कुंची तिने दिवसभर तिथे खोचून ठेवली होती, लालभडक, कोऱ्या कापडाची. ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून कमला पावसात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

खेमराजने कासरा ओढला. बंडी विटांच्या कडेला येऊन थांबली.

मग रुख्माबाई रडायला लागली, आणि तिला रडू का आलं ते आम्हा सगळ्यांना कळलं. ताडपत्री वर झाली, आत आनंदी हसत बसली होती. महागूने हिरवी झेंडी कमरेला खोचली, ओले हात धोतराला पुसले आणि नातीला उतरवून घ्यायला पुढे केले.